सस्पेन्स खात्यात टाकलेला आजार



मागील अंकातील संयुक्त खात्याविषयीच्या लेखावर आलेल्या पत्रांपैकी एका भगिनींच्या पत्रापाशी मी बराच वेळ थांबलो. त्यांचे सासरे ७४ वर्षांचे आहेत. चेकवर सही करताना त्यांचा हात अडतो, सही दर वेळी निराळी होते आणि बँक चेक परत करते. ‘खात्यात यजमानांचे नाव घालण्यासाठी कोणता अर्ज करावा?’ एवढेच त्यांनी विचारले आहे. अर्जाची माहिती मी त्यांना कळवली. परंतु त्या पत्रात दुसराही एक प्रश्न आहे आणि तो त्यांनी विचारलेला नाही. आमच्या घरी अगदी असेच घडले तेव्हा मीही तो विचारला नव्हता. म्हणून या वेळी व्याजदर आणि ठेवी बाजूला ठेवून घरची गोष्ट सांगतो.

बँकेत सायंकाळी दिवसाचा मेळ घालताना एखादी रक्कम कोणत्या खात्याची हे उलगडत नाही. ती तात्पुरती सस्पेन्स खात्यात टाकतात. दुसऱ्या दिवशी शोध घेऊन ती योग्य जागी न्यावी, असा नियम आहे. तपासनीस शाखेत आला की तो प्रथम हेच खाते मागतो. नोंदी किती यापेक्षा त्या किती जुन्या आहेत, हे तो पाहतो. नोंद जुनी असेल तर त्याचा अर्थ एकच: कोणीतरी शोध घेण्याचा आळस केला, किंवा शोधल्यावर काय निघेल याचे त्याला भय वाटले. आपल्या घरांतही असे एक खाते असते. वडीलधाऱ्यांचे जे जे वागणे उलगडत नाही ते ते आपण ‘आता वय झालं’ या नावाखाली तिथे टाकतो आणि पुढे वर्षानुवर्षे ती वही उघडत नाही.

आमचे थोरले बंधू, आम्ही त्यांना दादा म्हणतो, बार्शीला भुसार मालाच्या अडतीचे दुकान चालवीत. मी एम.कॉम. होऊन बँकेत लागलो. पेढी त्यांनी सांभाळली. कटमितीचे व्याज ते तोंडी काढीत. मी कागदावर मांडून पडताळा घेईपर्यंत त्यांचे उत्तर तयार असे आणि ते चुकल्याचे मला आठवत नाही.

२०१६च्या उन्हाळ्यात एका शेतकऱ्याची पट्टी दोनदा दिली गेली. शेतकरी प्रामाणिक, त्याने दुसरी रक्कम आणून दिली. हसण्यावारी गेले. मग ट्रकचे भाडे दोनदा गेले. मग दादांनी व्याजाचे काम पुतण्याकडे दिले. ‘तूच कर, तुझं कॅल्क्युलेटर आहे ना.’ घरात सर्वांना समाधान वाटले की चला, दादा आता सूत्रे सोपवीत आहेत. वस्तुतः त्यांना ते काम जमेनासे झाले होते आणि ते लपविण्यापुरती हुशारी अजून शिल्लक होती. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात चिठ्ठ्यांचा गठ्ठा सापडे. कोणाकडून किती येणे, कोणाला काय बोललो, हे सारे त्या चिठ्ठ्यांवर असे. वहिनी धुण्याआधी त्या काढून ठेवीत आणि दादा त्यावरून कधी नव्हे इतके चिडत.

त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली. दुकानातील रोकड मोजून बँकेत भरायची होती. रोजमेळाप्रमाणे जी शिल्लक असायला हवी होती तीत ४२,००० रुपये कमी निघाले. तिजोरीची किल्ली दोघांकडेच असे. एक दादांकडे, दुसरी दिवाणजींकडे. दिवाणजी आमच्याकडे ३१ वर्षे होते. त्यांच्या मुलाच्या लग्नात आम्ही घरच्यासारखे राबलो होतो. दादा सर्वांसमोर त्यांना म्हणाले, “दिवाणजी, तुम्ही घेतले असतील तर सांगा. मी माफ करीन.” दिवाणजींनी किल्ली गादीवर ठेवली, टोपी सारखी केली आणि ते पायऱ्या उतरून गेले.

मी त्या काळात नोकरीत होतो आणि नोटाबंदीच्या त्या आठवड्यांत बँकेतील माणसाला घरचे काही सुचत नव्हते, हे खरे असले तरी ती सबब पुरेशी नाही. कारण त्यानंतर दोनच महिन्यांनी बार्शीच्या एका सहकाऱ्याने मला दूरध्वनी केला. “साहेब, तुमच्या बंधूंच्या तीन चेकवर तीन तऱ्हेच्या सह्या आहेत. तुमचे बंधू म्हणून विचारतो, काय करू?” मी त्याच दिवशी पुतण्याला सांगून खात्यात त्याचे नाव घातले. ‘दोघांपैकी कोणीही एक’ अशी व्यवस्था केली आणि काम फत्ते झाले म्हणून निश्चिंत झालो. सहीचा प्रश्न मी सोडवला. चाळीस वर्षे एकसारखी असलेली सही आताच का बदलली, हे विचारणे मला सुचले नाही. सह्या तपासण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला!

अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांकडे १९०१ साली फ्रँकफर्टच्या रुग्णालयात एक ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. तिला नाव लिहावयास सांगितले असता ती पहिला शब्द लिही आणि पुढचे विसरून जाई. तिच्या मृत्यूनंतर तिचा मेंदू तपासून अल्झायमर यांनी १९०६ साली ट्यूबिंगन येथील सभेत आपली निरीक्षणे मांडली आणि पुढे त्या आजाराला त्यांचेच नाव मिळाले. हे मी फार उशिरा वाचले. आधी वाचले असते तर त्या तीन चेकांकडे कदाचित निराळ्या नजरेने पाहिले असते.

२०१७च्या दिवाळीत साफसफाई करताना वहिनींना शास्त्राच्या वेष्टनात पाचशेच्या ८४ जुन्या नोटा सापडल्या. बरोबर ४२,००० रुपये. दादांनी त्या स्वतः जपून ठेवल्या होत्या आणि ठेवल्याचे ते विसरले होते. तोवर त्या नोटांचे मोल संपले होते. किंबहुना दहाहून अधिक जुन्या नोटा बाळगणे हाही कायद्याने दंडास पात्र अपराध झाला होता. नोटांचे काय करावे यावर आम्ही बरीच चर्चा केली. दिवाणजींचे काय करावे यावर मात्र कोणी बोलले नाही. त्यांच्या घरी जावे तर दादांची चूक मान्य करावी लागली असती. आणि एक मान्य केली की बाकीच्या सगळ्याच चुका ओळीने पुढे आल्या असत्या.

डॉक्टरांना दाखवले नाही असे नाही. नेहमीच्या डॉक्टरांनी ‘वयोमानाप्रमाणे थोडं होणारच’ असे सांगून शक्तीचे औषध आणि झोपेची गोळी दिली. घरातील आम्हा सर्वांना तेच ऐकायचे होते. त्यातही आमच्याकडे एक भक्कम पुरावा होता. दादा रोज सकाळी भक्तामरचे ४८ श्लोक, एकही अक्षर न चुकता, मुखोद्गत म्हणत. आत्या म्हणत, “ज्याला अख्खं भक्तामर पाठ आहे त्याला कसला आलाय विसराळूपणाचा रोग?” हा युक्तिवाद मी नंतर इतक्या घरांत ऐकला आहे की त्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे.

पुढे पुण्याच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी आम्हाला जे समजावले ते माझ्या भाषेत सांगतो. बालपणापासून सहस्रावधी वेळा म्हटलेले स्तोत्र, णमोकार मंत्र, जुन्या व्यवहारांतील माणसे ही सारी जुन्या, बांधून ठेवलेल्या वह्यांत असतात. अल्झायमरचा आजार प्रथम त्या वह्यांना हात लावीत नाही. आजची नोंद करणारा लेखनिकच तो आधी नाहीसा करतो. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा जो लहानसा भाग नव्या आठवणी नोंदवतो, तिथे बहुधा या आजाराची सुरुवात होते. म्हणून १९६५ सालचा तुरीचा भाव सांगणारा माणूस सकाळी दूध घेतले की नाही हे सांगू शकत नाही. स्मरणशक्ती उत्तम आहे याचा पुरावा म्हणून आम्ही भक्तामर पुढे करीत होतो आणि तपासायला हवी होती ती आज सकाळची न्याहारी.

तज्ज्ञांकडे जाण्याचा निर्णय अखेर वहिनींनी घेतला, २०१८च्या उन्हाळ्यात. निमित्त कुंथलगिरीच्या यात्रेचे. दर वर्षी जाणारी वाट, पायथ्याशी आमची नेहमीची धर्मशाळा. दादा पहाटे दर्शनाला म्हणून निघाले आणि तीन तासांनी सरमकुंडीच्या दिशेने सडकेवर चालताना एका टमटमवाल्याला भेटले. त्याने विचारले, कुठे जायचे? दादा म्हणाले, दुकान उघडायचे आहे. त्या रात्री वहिनी पुतण्याला म्हणाल्या, “तुम्हा पुरुषमंडळींना बाजारातल्या पतीची काळजी आहे ना, मग मी एकटी घेऊन जाते यांना.”

पतीचा तो मुद्दा मी टाळणार नाही, कारण आपल्या समाजात निदान लांबणीवर पडते ते बहुतांशी त्याचमुळे. शेठ विसरतात हे बाहेर कळले तर व्यापारी उधारीवर माल देतील का, आणि घरात ‘वेड’ आहे अशी कुजबुज झाली तर नातीचे स्थळ अडेल का, हीच ती भीती. नंतर मला समजले ते असे की बाजाराला आमच्या आधीच कळले होते. हमालांना ठाऊक होते, दोन शेतकऱ्यांना ठाऊक होते, समोरचे अडते तर वर्षभर दादांच्या चुका गुपचूप दुरुस्त करून पाठवीत होते. ठाऊक नव्हते ते केवळ आम्हाला.

एक आप्त म्हणाले, ज्ञानावरणीय कर्माचा उदय आहे, डॉक्टर काय करणार? त्यांचा अधिकार मोठा, मी वाद घातला नाही. मात्र त्यांनी स्वतः दोन्ही डोळ्यांतील मोतीबिंदू काढून घेतले होते, तेव्हा त्यांना कर्मसिद्धांत आड आला नव्हता, एवढे मनात आल्याशिवाय राहिले नाही.

पुण्याची ती तपासणी दोन तास चालली. तज्ज्ञांनी दादांशी एकांतात बोलून घेतले, मग वहिनींशी एकांतात. हे महत्त्वाचे आहे. रुग्णासमोर घरची माणसे खरे बोलत नाहीत. आणि घरची माणसे जवळ असली की रुग्ण प्रत्येक प्रश्नाला त्यांच्याकडे पाहतो. पुतण्या सारखा दादांच्या वतीने उत्तरे देत होता. त्याला नम्रपणे बाहेर बसवले गेले. वहिनींनी पिशवीतून जुनी दिनदर्शिका काढली. दुधाच्या हिशेबाच्या शेजारी, तारखेच्या चौकटीत, बारीक अक्षरांत त्यांनी दीड वर्ष नोंदी ठेवल्या होत्या. ‘आज दोनदा आंघोळ.’ ‘किल्ली तांदळात.’ ‘मला ताई म्हणाले.’ तज्ज्ञांनी ती पाने एकेक करून वाचली आणि म्हणाले की एमआरआय नंतर पाहू, अर्धे काम या बाईंनी केले आहे.

दादांना घड्याळाचे चित्र काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायला सांगितले. बाराही आकडे त्यांनी उजव्या अर्ध्या भागात दाटीने बसवले. १०० मधून ७ वजा करत जा, असे सांगितले तेव्हा ते ९३ म्हणाले, ८६ म्हणाले आणि मग तज्ज्ञांनाच विचारू लागले, “किती वजा करायचे होते?” कटमितीचे व्याज तोंडी काढणारा माणूस. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

त्यानंतर रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि येथे मला आपल्या वाचकांशी थोडे सविस्तर बोलायचे आहे. डिमेन्शिया, ज्याला मराठीत स्मृतिभ्रंश म्हणतात, हा एक आजार नव्हे. ताप जसा अनेक कारणांनी येतो तसा तो अनेक कारणांनी उद्भवणारा लक्षणसमूह आहे. त्यात अल्झायमरचा वाटा सर्वांत मोठा, जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ६० ते ७० टक्के. परंतु काही कारणे अशी आहेत की ती वेळीच सापडली तर माणूस पुष्कळसा पूर्ववत होऊ शकतो. थायरॉईडचे काम मंदावणे, रक्तातील सोडियम उतरणे, खोल नैराश्य, काही औषधांचे दुष्परिणाम आणि बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता ही त्यांपैकी काही.

बी-१२ नैसर्गिकरीत्या प्राणिजन्य अन्नातूनच मिळते. आपल्यासारख्या शाकाहारी कुटुंबांना ते दूध, दही, ताक यांतूनच काय मिळेल तेवढे. उतारवयात पोटाची ते शोषून घेण्याची शक्ती घटते. त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताची गोळी वर्षानुवर्षे चालू असेल तर ते आणखी कमी होते. आपल्या घरांतील साठीपुढच्या किती माणसांना या दोन्ही गोळ्या चालू आहेत, हे प्रत्येकाने आपल्या औषधांच्या डब्यात पाहावे. तपासणी साध्या रक्तचाचणीने होते आणि उपाय इंजेक्शन अथवा गोळी. (कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचे असते म्हणून काहीजण औषधच टाळतात. त्यांनी गोळी किंवा इंजेक्शन मागावे, औषध सोडू नये.)

दादांचे बी-१२ बरेच कमी निघाले. आम्हाला हर्ष झाला! कारण सापडले, आता इंजेक्शने घेतली की झाले. तज्ज्ञांनी सावध केले, “तीन महिन्यांनी पुन्हा पाहू.” तीन महिन्यांत दादांच्या पायांच्या मुंग्या गेल्या, चालणे सुधारले, चेहऱ्यावर तरतरी आली. रात्री ते उठून भ्रमिष्टासारखे बोलत, तेही थांबले. त्याचे श्रेय मात्र झोपेची ती गोळी बंद केल्याला होते, कारण उतारवयात अशी औषधे मेंदूवर मळभ आणतात. स्मरण तेवढे परतले नाही. एमआरआयमध्ये हिप्पोकॅम्पस आक्रसलेला आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे लहान लहान जुने आघात दिसले होते. दादांचा रक्तदाब अनेक वर्षे कधी औषधावर तर कधी दैवावर असे. निदान झाले, अल्झायमर आणि रक्तवाहिन्यांचा स्मृतिभ्रंश, दोन्ही मिळून.

‘मग उपयोग काय झाला?’ असे मला आजही विचारतात. अल्झायमर बरा होत नाही. जी औषधे आहेत ती काहीजणांना काही काळ साहाय्य करतात, हे खरे. परंतु हिशेब एवढ्यावर संपत नाही. आमच्याच मंडळातील ६८ वर्षांच्या एका भगिनी सहा आठवड्यांत अगदी खुळ्यासारख्या झाल्या. घरच्यांनी दादांचे उदाहरण पाहून ‘यांनाही तेच’ असे परस्पर ठरवून टाकले. दोन महिन्यांपूर्वी त्या न्हाणीघरात घसरल्या होत्या हे कोणी डॉक्टरांना सांगितलेच नव्हते. सीटी स्कॅनमध्ये कवटीच्या आत साकळलेले रक्त दिसले; शस्त्रक्रियेने ते काढले. त्या भगिनी आज उन्हाळ्यात पापडांचे गिऱ्हाईक स्वतः सांभाळतात. शेजाऱ्याचे निदान आपल्या वहीत उतरवून घेता येत नाही.

स्मृतिभ्रंशाच्या प्रकारांतही भेद आहेत. एका प्रकारात घरात नसलेली माणसे दिसतात, हालचाली मंदावतात, हात कापतो. अशा रुग्णाला शांत करण्यासाठी दिली जाणारी काही नेहमीची औषधे घातक ठरू शकतात. दुसऱ्या एका प्रकारात स्मरण शाबूत राहून आधी स्वभाव बदलतो, आणि तोही पुष्कळदा साठीच्या आतच. काटकसरी माणूस अकस्मात उधळ्या होतो, मर्यादशील माणूस वाटेल ते बोलतो आणि घरात भांडणे लागतात. आणखी एक: हे आजार महिन्यामहिन्याने सरकतात. काल ठीक असलेला वृद्ध आज एकाएकी असंबद्ध बोलू लागला, विशेषतः उपवासांच्या दिवसांत अथवा लघवीच्या संसर्गात, तर तो स्मृतिभ्रंश समजून घरी ठेवू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आता माझ्या विषयाकडे येतो. निदान लवकर झाले तर रुग्णाला स्वतःचे निर्णय स्वतः घेण्यास अवधी मिळतो. अनेक व्यापारी कुटुंबांची समजूत अशी की कुलमुखत्यारपत्र करून ठेवले की पुढची चिंता मिटली. भारतीय करार कायदा, १८७२, कलम २०१ प्रमाणे ज्याने अधिकार दिला तोच विकल मनाचा झाला की ते अधिकारपत्र संपते. म्हणजे ज्या दिवसासाठी ते केले त्याच दिवशी ते निरुपयोगी. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५, कलम ५९ प्रमाणे मृत्युपत्र करणारा सुदृढ मनाचा हवा. निदान झाले म्हणजे त्याच दिवसापासून माणूस अपात्र ठरला असे मात्र नाही. सुरुवातीच्या अवस्थेत आपण काय करतो आहोत हे अनेकांना नीट कळते. हीच ती वेळ असते. ती गेल्यावर पालक नेमून घेण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागते आणि भागीदारीच्या पेढीत एखादा भागीदार या अवस्थेत गेला की भागीदारांत संशय सुरू होतो.

दादांना सांगायचे की नाही यावर पुतण्याचा विरोध होता. “काका, ते खचतील.” तज्ज्ञांनी दादांनाच विचारले, “तपासणीत काय निघालं ते तुम्हाला जाणून घ्यायचं आहे का?” दादा म्हणाले, “माझ्या खात्यात काय आहे ते मला कळायला नको?” त्यांना सोप्या शब्दांत सांगण्यात आले. ते बराच वेळ गप्प होते. नंतर वहिनींना म्हणाले, “म्हणजे मी आळशी नाही झालो.” त्यांना स्वतःविषयी काय वाटत होते, हे आम्हाला तेव्हा प्रथम कळले.

महिन्याभरात मृत्युपत्र झाले, त्यांच्याच शब्दांत, डॉक्टरांच्या प्रमाणपत्रासह. दुकानची भागीदारी नव्याने लिहिली गेली. वहिनींच्या नावे ठेवी वेगळ्या झाल्या. पुढे तीन वर्षांनी त्यांना पुतण्याचे नाव आठवेनासे झाले, तेव्हा घरात मालमत्तेवरून एकही शब्द झाला नाही.

आणि दिवाणजी. निदानानंतरच्या क्षमावणीला दादा, पुतण्या आणि मी त्यांच्या घरी गेलो. जुन्या नोटा कुठे सापडल्या, दादांना काय झाले आहे, हे पुतण्याने सांगितले आणि हात जोडले. दादांना तो प्रसंग अर्धवटच आठवत होता, ते म्हणाले, “दिवाणजी, तुम्ही दुकानात का येत नाही?” दिवाणजींनी त्यांचे हात हातांत घेतले. मग माझ्याकडे वळून शांतपणे विचारले, “साहेब, पैसे दिवाळीत सापडले म्हणता. मग दिवाळीत का नाही आलात?” अकरा महिने गावात त्यांच्याकडे लोक कसे पाहत होते, ते त्यांनी सांगितले नाही. आमच्याजवळ उत्तर नव्हते. ते दुकानात परत आले नाहीत. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मुलाच्या हाती एक वही पाठवली. तोंडी उधारीची तेवीस खाती तीत लिहिलेली होती. दादा ती विसरले होते आणि आम्हाला ती ठाऊकच नव्हती.

दादा २०२३ साली गेले. शेवटच्या वर्षी भक्तामरही गेले होते, णमोकार मंत्र राहिला होता.

भारतात ६० वर्षांवरील लोकांत सुमारे ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासात मांडला आहे. ज्यांना कोणाकडे जावे हे उमजत नाही त्यांनी मेंदूविकारतज्ज्ञ अथवा मानसोपचारतज्ज्ञ यांपैकी जे जवळ असतील त्यांच्याकडे जावे. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा शासकीय साहाय्यक्रमांकही आहे. जाताना चालू असलेली सारी औषधे, आयुर्वेदिक आणि झोपेच्या गोळ्यांसह, पिशवीत घालून न्यावीत. चष्मा आणि कानाचे यंत्र न्यावे, कारण ऐकू न आलेला प्रश्न हा विसरलेला प्रश्न ठरतो. बरोबर जाणारी व्यक्ती रोज घरात वावरणारी असावी. परगावाहून आलेला हुशार मुलगा नव्हे. आणि तारखेसह नोंदी न्याव्यात, वहिनींसारख्या.

गेल्या महिन्यात मी स्वतः तपासणी करून घेतली. वय ६८, एक भाऊ या आजाराने गेलेला, सौ.नी आग्रह धरला. अकरा वाजून दहा मिनिटांचे घड्याळ मीही काढले. काटे काढताना क्षणभर हात थांबला, हे कबूल करतो. आकडे जागच्या जागी बसले. बी-१२ मात्र किमान मर्यादेच्या किंचित खाली आहे, इंजेक्शने चालू केली आहेत. अहवाल निळ्या फायलीत, डाव्या कपाटात वरच्या कप्प्यात आहे आणि ते सौ. आणि सूनबाई दोघींना दाखवून ठेवले आहे.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींना मी अर्जाबरोबर दोन ओळी अधिक लिहिल्या होत्या. काल त्यांचे उत्तर आले. पुढील बुधवारची वेळ मिळाली आहे. पुढील अंकात मृत्युपत्राविषयी आलेल्या प्रश्नांची उत्तरे देईन.